एका खिळ्यावरची भिंगरी

आमच्या घरात मासे खायचं वेड सगळ्यांना होतं, धरायचं फक्त जनूदादाला. जनूदादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जनार्दन. आमची माणसं मूळची खाडीकाठची, भात पिकवणारी. आजोबांच्या वेळेला घरात जाळंही होतं म्हणतात, पण मला कळायला लागलं तेव्हा टेमघरला आमच्या घराच्या तिन्ही अंगांनी लूमचे कारखाने उभे होते आणि बाबा सायझिंगमध्ये कामाला जात होते. सायझिंग म्हणजे जिथे सुताला खळ चढवतात तो कारखाना. बाबा कामावरून आले की उकडलेल्या खळीचा वास आधी दारातून आत यायचा, मागून बाबा. दादा लूमवर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आणि मी कॉलेजात. हे मी मुद्दाम लिहिते. आमच्या सगळ्या भावकीत, मुलगे धरून, पहिली पदवी माझी आहे, आणि ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही. मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा आत्या-काकूंनी नाकं मुरडली होती. दादा त्यांना म्हणाला होता, "आमच्या घरात लूम चालवनारा एक हाय, तेवढा पुरे." बस, एवढंच. 

लूमच्या आवाजाचं लोकांना नवल वाटतं. आमच्याकडे वज्रेश्वरीची आत्या राहायला आली की पहिल्या रात्री तिचा डोळा लागायचा नाही. सकाळी कपाळाला सुंठ लावून बसायची. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. उलट लाइट गेली आणि सगळे कारखाने एकदम थांबले की आम्ही दचकायचो. घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. दादा आणि बाबा दोघेही कारखान्यातून येत, कान भरलेले असत, त्यामुळे मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं. पाहुण्यांना वाटे, ही माणसं भांडतात. आता टेमघरला जाते तेव्हा कितीतरी कारखान्यांच्या जागी दुसरंच काहीबाही उभं दिसतं, आणि माझ्या भावजयीच्या शांत खेड्यातल्या माहेरच्या लोकांसारखं मलाही शांततेत बसून चहा पिता येतो. भावजय आपलं मी म्हणते. भावजय मला मिळाली ती चुलतभावाची. सख्ख्या भावाचं लग्न झालं नाही.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी दादा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून नदीवर, खाडीचं पाणी चढतं त्या भागात, जायचा, जणू कुणाच्या घरी बोलावणं आहे. बांबूची काठी, तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसाला मोरपिसाची दांडी कापून केलेलं, पाण्यावर तरंगणारं बूच. गळाला लावायला कणकेचा गोळा, त्यात आईच्या डब्यातलं हिंग. आई हिंगाची डबी दर वेळी नव्या जागी लपवायची आणि तो दर वेळी शोधून काढायचा. "माशाला हिंग कशाला रं, त्याच्या पोटात दुखतं काय?" ती ओरडायची. संध्याकाळी तो चार बोईटं घेऊन यायचा, कधी एकही नाही. आई त्यांचं आंबट कालवण करायची, तांदळाची भाकरी असायची, आणि ताटावर बसून दादा न मिळालेल्या माशांच्या गोष्टी सांगायचा. मिळालेल्यांबद्दल तो कधी बोलला नाही.

एका शुक्रवारी तो आला तो हात रिकामे आणि डोळे मोठे. नदीच्या पुलापाशी मुंबईचे कुणी म्हातारे साहेब गाडी घेऊन मासे धरायला आले होते. त्यांच्याकडे एक काठी होती आणि काठीला एक चाक होतं. दादाने त्या दिवशी स्वतःचा गळ पाण्यात टाकलाच नव्हता. दिवसभर त्यांच्या मागे उभा राहून बघत होता.

"भिंगरी हाय," तो मला म्हणाला. "गिअर न्हाय, दात न्हाय, काय न्हाय. एका खिल्यावर फिरते. जातं कसं खुंट्यावर फिरतं, तशी. ओहोटी लागली का बूच पान्याबरोबर आपला आपला चालत जातो, आन् भिंगरी त्याला सोडत जाते. जा बाबा, जितं जायाचं तितं जा. थांबवाचा झाला का तिच्या कडेला अंगठा ठेवाचा. अंगठा हाच ब्रेक."

"आणि काठीत काय एवढं?" मी विचारलं.

"काठी लांब, तीन तुकड्यांची. कड्या बारीक आन् उंच, म्हंजे ओला तंगूस काठीला चिकटत न्हाय. अशी धरली का..." आणि त्याने हवेतच काठी धरून दाखवली.

चुलीपासून आई म्हणाली, "आन् मासा? मासा तोच ना, बोईट?"

"मासा तोच, आये. धरनारा बदलतो."

त्यानंतर भिंगरी हा आमच्या घरातला शब्द झाला. दादा विचारात बसला की बाबा म्हणायचे, "झाली याची भिंगरी चालू." पुढे केव्हातरी घेऊ, असं दादा म्हणायचा. विहिरीला पंप, मला सायकल, घराला पत्रे, हे सगळं आधी होतं.

मग त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा तो रातपाळीला होता, आणि लूमच्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसतात म्हणून कुणाला कळलं नाही. गावठी औषध झालं, मग दवाखाना झाला, मग मोठा दवाखाना झाला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण मला आठवत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतात ना, मग गाल आपला राहत नाही, तसं मला झालं होतं. बोलत होते, चालत होते, कुणी पाणी दिलं तर पीत होते. रडले नाही. आलेल्या बायका माझ्याकडे बघून एकमेकींना खुणा करायच्या, शिकलेली आहे म्हणून रडत नाही. शिकण्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. त्याची बांबूची काठी बाबांनी त्याच्या बरोबर चितेवर ठेवली, तेव्हाही मी नुसती बघत होते की ती ओली आहे, लवकर पेटणार नाही.

घरात फोडणी बंद होती. शेजारपाजारचे भात-वरण आणून द्यायचे, ते आम्ही खायचो, म्हणजे बाबा आणि मी. आई घास तोंडात घ्यायची, आणि तसाच ठेवायची. बाबा दाराशी बसून असत. खळीचा वास त्यांच्या अंगावरून पहिल्यांदाच गेला होता आणि ते कुणी दुसरेच गृहस्थ वाटत. बोलत होता तो एकटा नारायणमामा. आईचा धाकटा भाऊ, अंजूरचा. कुणीच बोलत नाही म्हणून तो सगळ्यांच्या वाटचं बोलायचा: भाताचं, गोदामांचं, अंजुरात कुणी जमीन विकून कसली गाडी घेतली त्याचं. आम्ही ऐकत नव्हतो, हे त्यालाही माहीत होतं.

आमच्या भावकीत एक रीत आहे, सगळीकडे नसेल म्हणून सांगते. दिवसकार्याला, गेलेल्या माणसाच्या वयाचा एक जण त्याच्या जागी बसवतात. त्याला म्हणायचंच 'जाग्यावरचा'. त्याला नवे कपडे, छत्री, चपला द्यायच्या, गेलेल्याच्या पाटावर बसवून जेवू घालायचं, आणि तेवढा वेळ तो म्हणजे गेलेला माणूस. त्याच्याशी तसंच बोलायचं. दिलेली वस्तू त्याने दिवस मावळायच्या आत एकदा वापरायची, छत्री उघडायची, चपला घालून अंगणात फिरायचं, म्हणजे ती पोचली. नाही पोचली तर गेलेला माणूस दारात घुटमळतो. म्हाताऱ्या माणसाच्या जागी बसायला लोक आनंदाने येतात. तरण्या माणसाच्या जागी बसायला कोण येणार? भावकीतल्या आयांनी आपापली पोरं त्या आठवड्यात कुठे कुठे पाठवून दिली. मी त्यांना नावं ठेवत नाही. आता मीही आई आहे.

आई त्या दिवसांत एकदाच नीट बोलली. मामा कपड्यांचं, छत्रीचं बोलत होता. ती म्हणाली, "छत्री-चपला समद्यांना देतात. त्याला भिंगरी पायजे होती. काठी आन् भिंगरी आना. त्याच्या मनासारखी आना, नायतर तो दारातून हलनार न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा. तुला विंग्रजी येतं."

म्हणून मी गेले. मामा बरोबर होता. मुंबईत मासे धरायच्या सामानाचं दुकान कुठे, ते त्यानेच चौकशी करून काढलं होतं. चिंचोळं दुकान, छताला काठ्यांचे भारे टांगलेले, गादीवर एक म्हातारे शेठ. मी म्हटलं, "भिंगरी हवी आहे." त्यांनी काचेच्या पेटीतून एक चकचकीत पातळ पत्रा काढून माझ्या हातावर ठेवला, खाली गळ लोंबत होता. "ये लो बेन, भिंगरी. पीतल की भी आती है।"

मामा वाकून बघत म्हणाला, "ही? ही तं कानात घालाची हाय!"

माझी चूक माझ्या लक्षात आली. भिंगरी हा आमच्या घरातला शब्द होता, दुकानात भिंगरी म्हणजे माशाला भुलवायचा हा पत्रा. ज्याने तो घरात आणला होता त्याला खरं नाव माहीत होतं का, तेही मला माहीत नव्हतं. मी तळहात उलटा करून त्यावर बोट फिरवून दाखवलं. "चाक आहे. एक कील पे घूमता है. गिअर नहीं. अंगूठे से रोकते हैं."

"अरे, सेंटरपिन बोलो ना!" शेठ खूश झाले. एकदम उठून उभे राहिले. "आजकल कोई मांगता नहीं. सबको गिअरवाला चाहिए. कौन खेलता है आपके यहाँ?"

"भाऊ," मी म्हटलं.

"पानी कैसा है? तालाब कि बहता?"

"खाडीचं. ओहोटीचं."

"तब तो समझदार आदमी है।"

त्यांनी तीन भिंगऱ्या काढल्या. एक लाकडी, पितळेची पट्टी मारलेली, जड. एक नवी, ॲल्युमिनियमची, आरशासारखी. एक जुनी, परदेशी, काळपट, कडेचा रंग अंगठ्याने घासून गेलेला. मामाला नवी आवडली. "चकाकते बघ. आन् काठी म्हनशील तर आपल्या अंजुरात बांबूचं बेटच हाय." शेठ हसले नाहीत. त्यांनी प्रत्येक भिंगरीला तंगूस गुंडाळला, टोकाला एक रिकामी काडेपेटी बांधली आणि गादीच्या कडेवरून खाली सोडली. लाकडीवरची काडेपेटी तशीच लोंबत राहिली. नवीवरची थांबत थांबत, गचके खात खाली गेली. काळीवरची सोडल्याबरोबर निघाली, आवाज नाही, अडखळ नाही, शेवटपर्यंत गेली आणि जमिनीवर टेकली. "बहते पानी में फ्लोट का वजन कितना? कुछ भी नहीं. उतने में जो घूमे वही सच्ची," शेठ म्हणाले.

काठ्याही त्यांनी तशाच दाखवल्या. भरीव फायबरची एक होती, ओंडक्यासारखी जड, टोकाला वाकणारी. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली एक होती, ती हातात घेतली तर देखणी, पण सांध्यात सैल. आणि पोकळ फायबरची, तीन तुकड्यांची, लांब, मुठीला बुचाच्या लाकडाचं वेष्टन, त्यावर सरकणाऱ्या दोन कड्या, त्यात भिंगरीचा पाय अडकवायचा. वरच्या कड्या बारीक आणि उंच. त्या कड्या बघितल्या आणि मला कळलं की हीच. मला आनंद वगैरे झाला नाही. गणिताचं उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळावं, तेवढंच वाटलं. शेठनी काळी भिंगरी तिच्या मुठीवर बसवायला घेतली आणि विचारलं.

"भाई लेफ्ट हैंड है कि राइट? इसका तार का गार्ड एक ही तरफ है, उस हिसाब से बिठाना पड़ेगा।"

मी तोंड उघडलं आणि मला उत्तर येईना. जेवायचा उजव्या हाताने. लिहायचा, म्हणजे सही करायचा, उजव्या हाताने. पण काठी? मी त्याला काठी धरताना कितीतरी वेळा बघितलं होतं, पण नेहमी मागून, डबा घेऊन जाताना, पाठमोरा. त्याने मला हवेत काठी धरून दाखवली होती त्या संध्याकाळी मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, हाताकडे नाही. एका ताटात जेवलेलो आम्ही, आणि त्याचा अंगठा कुठला ते मला सांगता येईना. मी मामाकडे बघितलं. मामानेही नकारार्थी मान हलवली.

"कोई बात नहीं," शेठ म्हणाले, "राइट का बिठा देता हूँ, ज़्यादा लोग राइट ही होते हैं. नहीं जमे तो भाई को साथ लेके आना, हाथ देख के बदल दूँगा।"

मामा, जो कधी गप्प बसत नसे, रस्त्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "बरं."

घरी येऊन मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. बाबा लगेच म्हणाले, "उजवा." आई म्हणाली, "डावा." बाबा म्हणाले, "मी त्याला लूमवर बगितलाय, दांडा उजव्या हातानं वडाचा." आई म्हणाली, "लूम समद्यांना उजवाच अस्तो. घागर कंच्या खांद्यावर घ्याचा? डाव्या. पालन्यात असल्यापासून मूठ डावी वलाचा." "घागरीचं काय सांगतेस?" "आन् तू लूमचं काय सांगतोस?" दोघांचा आवाज चढत गेला, घरात कितीतरी दिवसांनी आमच्या घरासारखा आवाज झाला, आणि मग दोघंही एकदम थांबली. दोघांच्याही लक्षात आलं असणार की विचारायला जायचं तर कुणाकडे जायचं. काठी कोपऱ्यात उभी केली. भिंगरी उजव्यासाठी बसवलेली होती, तशीच राहू दिली. आज इतक्या वर्षांनीही मला माहीत नाही.

जाग्यावरचा शेवटी मामानेच आणला. अंजूरचा धर्मा, रिक्षा चालवायचा. दादाएवढाच, आई-वडील नाहीत, म्हणजे अडवणारं कुणी नाही. दिवसकार्याच्या सकाळी तो आला, नव्या लेंगा-शर्टात, शर्टाची वरची गुंडी लावलेली, दाढी केल्यामुळे हनुवटी हिरवट. आमच्याकडे बघत नव्हता. दादाच्या पाटावर बसवल्यावर आपले पाय कुठे ठेवावे ते त्याला कळेना. आईने वाढलं: वडे, खीर, भात. ती त्याला "जनू" म्हणाली. तो "हां" म्हणाला. छत्री दिली, त्याने दारातच उघडून मिटली. चपला दिल्या, त्या एक नंबर मोठ्या होत्या, तरी तो अंगणात फटक फटक करत एक फेरी मारून आला. बायका डोळे पुसत होत्या. मी खिरीवर बसलेली माशी बघत होते.

मग बाबांनी काठी आणली आणि आईने ती घेऊन त्याच्या पुढे धरली.

धर्माने हात पुढे केले नाहीत. त्याने शर्टाची वरची गुंडी काढली आणि आतली तुळशीची माळ बाहेर ओढली. "काकी," तो म्हणाला, "माना माळ हाय. मी मासा खात न्हाय, मारतही न्हाय."

मामाने कपाळावर हात मारला. मला नंतर तो म्हणाला, "मी वय बगितलं, जात बगितली, समदं बगितलं. गलाचं बगत होतो गो बाय, गल्यातल्या माळेचं र्‍हायलं."

आईने काठी मागे घेतली नाही. "तू मारतस," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. एखाद्याला त्याचं नाव सांगावं तसं. "ल्हान होतास तवापासून मारतस."

बाबांचे हात नुसते लोंबत होते. एक म्हातारी कुजबुजली की दुसरा कुणी बघा, पण दुसरा कुणी नव्हता, ते तिलाही ठाऊक होतं. काठी पोचली नाही तर आईला पुढचं सगळं आयुष्य दारात कुणीतरी उभं दिसणार होतं, आणि ते टाळणं आता या अनोळखी रिक्षावाल्याच्या हातात होतं. माळ उतरवून ठेवणं त्याच्याकडून होणार नव्हतं, आणि ते कुणी मागितलंही नाही.

"घेतो," तो म्हणाला. "नदीवर जातो. बसतो. पन गल बांधू नका. बाकी समदं बांधा."

आईने विचार केला. खरोखर, तिने उभी राहून विचार केला. मग म्हणाली, "बरं."

नदीवर आम्ही तिघं गेलो, मामा, धर्मा आणि मी. त्या दिवशी मुलीने जायचं नसतं, पण सामान जोडायचं कसं ते शेठने मला दाखवलं होतं, म्हणून कुणी अडवलं नाही. ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांपासून पाणी उतरत होतं, चिखलाचा वास येत होता. मी तीन तुकडे जोडले, कड्या एका रेषेत आणल्या, तंगूस ओवला, बूच बांधलं, बुचाखाली शिशाचा मणी बांधला, आणि जिथे गळ बांधायचा तिथे नुसती गाठ मारली.

"गलाशिवाय मासे!" मामा म्हणाला. "मग पोथीच आनली असती, बसल्या बसल्या अध्याय तरी झाला असता." मग तो बांधावर जाऊन विडी पेटवून बसला.

धर्माने काठी घेतली ती छातीशी आडवी, वीणा धरतात तशी. दोन्ही हातांत. मग मी सांगितल्यावर पुढे केली. बूच पाण्यावर टेकलं, जरा डुललं, आणि चालायला लागलं. भिंगरी फिरायला लागली. खरंच तिचा आवाज नव्हता. बूच तिवरांच्या सावलीतून गेलं, उन्हात गेलं, लहान होत गेलं, आणि भिंगरी त्याला सोडत गेली. पलीकडून होडीतून जाणारा एक माणूस ओरडला, "काय लागतं काय?" मामा ओरडला, "लागलं तं सांगू!"

"आता ठेवा अंगठा," मी धर्माला म्हटलं.

त्याने ठेवला. दूरवर बूच थांबलं आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागलं. मग त्याने अंगठा काढला, बूच पुन्हा निघालं. हे तो करत राहिला. कधी गुंडाळून आणायचा, पुन्हा सोडायचा. कधी हा अंगठा, कधी तो, हात दुखला की काठी बदलून धरायचा. ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मी विचारलं नाही. ती काठी पुढे त्याने ठेवली की कुणाला देऊन टाकली, तेही नाही विचारलं. लोक म्हणतात, अशा वेळी मन भरून येतं. माझं आलं नाही. बुचाखाली गळ नाही हे मला माहीत होतं, तरी ते बुडेल म्हणून मी डोळा हलवत नव्हते, एवढंच आठवतं. ऊन गेलं. मामा उठला, कपडे झटकले.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात होती. बाबा तिच्या मागे. पाहुणे बरेचसे गेले होते, भांडी घासायची पडली होती.

"लागला काय?" आईने विचारलं.

मामाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. धर्माने त्याच्याआधी उत्तर दिलं.

"लागला होता," तो म्हणाला. "सोडला."

मी त्याच्याकडे बघितलं. माळ शर्टाच्या बाहेरच होती.

"केवढा होता?"

धर्माने काठी भिंतीला टेकवून ठेवली. दोन्ही हात पुढे धरले, तळवे समोरासमोर, आणि जरासा थांबला. आयुष्यात कधी मासा हातात न धरलेला माणूस तो, त्याला माप कुठून येणार? त्याने वीतभर अंतर दाखवलं, मग तेही जास्त वाटलं असावं म्हणून हात अजून जवळ आणले.

"एवढा."

आई त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिली.

"ल्हान होता," ती म्हणाली.

"हां. ल्हान होता."

"मग बरा केलास सोडलास. एवढा ल्हान न्हाय धरू."

ती उंबऱ्यातून बाजूला झाली, म्हणजे धर्माला आत येता यावं. आणि आत जाऊन, चुलीजवळ भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली. "विमलबाय," तिने मला हाक मारली, "भात र्‍हायलाय काय गो? वाढ मला."

मी वाढला. थंड होता. ती सगळा जेवली.